बंदर आणि मुक्काम : आद्रियातिक किनाऱ्यावरील विलासी सागरसफरीच्या निमित्ताने

किनाऱ्याला धरून चालणाऱ्या आणि रोज एका नव्या बंदरात उभ्या राहणाऱ्या विलासी सागरसफरींचे प्रस्थ गेल्या काही दशकांत फार वाढले आहे. त्यांच्यासाठी वापरला जाणारा ‘क्रूझ’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. या सफरीत जहाज हे प्रवासाचे साधन नसून मुक्कामाचे ठिकाणच असते. निजण्याची खोली, भोजनगृह, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव हे सर्व जहाजावर असते; नगरे मात्र एकामागून एक खिडकीशी येऊन उभी राहतात. आद्रियातिक समुद्रावरील नेहमीची आठवडाभराची सफर घेतली, तर व्हेनिसच्या परिसरातून अथवा त्रिएस्तहून निघालेले जहाज स्प्लित, दुब्रोव्हनिक, कोतोर अशी बंदरे घेत कॉर्फूपर्यंत जाते आणि परत फिरते. रात्री प्रवास आणि दिवसा बंदर असा त्याचा क्रम असतो. दर सकाळी एका नव्या संस्कृतीचा परिचय घडेल, असे आश्वासन माहितीपत्रकात दिलेले असते.

या आश्वासनाची थट्टा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. सुखाने प्रवास करणे हा काही अपराध नव्हे. आणि पांढऱ्या चुनखडीच्या तटबंदीवर सकाळचे ऊन चढत असलेले समुद्रावरून पाहणे कोणासही हवेसे वाटेल. प्रश्न निराळा आहे. बंदराची संस्कृती म्हणजे नेमके काय, आणि ती कशाने घडते? बंदरात अनेक देशांचे लोक येतात, एकमेकांत मिसळतात व त्यातून संमिश्र संस्कृती निर्माण होते, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. नुसत्या येण्याने फारसे काही घडत नाही; रेल्वेच्या जंक्शनवरही अनेक प्रांतांचे लोक येतात. बंदराची संस्कृती घडते ती परक्या माणसाला तेथे थांबावे लागते म्हणून. तो थांबणार म्हटल्यावर त्याला कोठे उतरवावे, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, त्याचा माल कोणी मोजावा, त्याचे देवकार्य कोठे व्हावे आणि तो मेला तर त्याला कोठे पुरावे, या सर्वांची व्यवस्था नगराला करावी लागते. या व्यवस्थेतूनच इमारती, कायदे, शब्द व चालीरीती जन्माला येतात. आद्रियातिकची बंदरे या दृष्टीने पाहिली, तर आजची सागरसफर त्यांच्यापुढे कोणता पेच उभा करते, हेही अधिक स्पष्ट होईल.

पहिली सक्ती निसर्गाची होती. प्राचीन रोमन काळी नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत भूमध्य समुद्र ‘बंद’ समजला जाई. वादळे, ढगाळ आकाश आणि न दिसणारे तारे यांमुळे शहाणा नाखवा त्या काळात नांगर उचलीत नसे. आपल्या कोकणपट्टीवर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवून नारळी पौर्णिमेची वाट पाहण्याची जी रीत आहे, तिचीच ही हिवाळी आवृत्ती होय. पुढे होकायंत्राचा व अधिक बळकट जहाजांचा प्रसार झाल्यावर, साधारणतः तेराव्या-चौदाव्या शतकांपासून, ही बंदी सैल झाली. तथापि मुक्काम संपले नाहीत. त्यांची कारणे बदलली. वारा अनुकूल होईपर्यंत, डोंगरापलीकडून तांडा येईपर्यंत, उधारी वसूल होईपर्यंत थांबावेच लागे. व्हेनिसच्या सरकारी गलबतांच्या ताफ्याने कोणत्या बंदरात किती काळ राहावे हे तेथील सिनेट ठरवून देई. म्हणजे वेळापत्रक तेव्हाही होते. पण त्याचा हिशेब दिवसांत होत असे, तासांत नव्हे.

परक्या व्यापाऱ्याच्या मुक्कामासाठी या समुद्राने जी संस्था घडवली तिचे नाव ‘फोंदाको’. शब्दाचा प्रवास पाहण्याजोगा आहे. मूळ ग्रीक शब्द सर्वांना आश्रय देणाऱ्या धर्मशाळेचा वाचक. त्यावरून अरबीत ‘फुंदुक’ झाला, आणि अरब बंदरांत व्यापार करणाऱ्या इटालियनांनी तो उचलून ‘फोंदाको’ केला. खाली माल, वर माणसे, मध्ये चौक आणि रात्री बंद होणारा दरवाजा, अशी त्याची ठेवण असे. आपल्याकडील ‘वखार’ या शब्दाच्या जुन्या, विस्तृत अर्थाशी त्याचे जवळचे नाते आहे. व्हेनिसच्या रियाल्तो पुलालगतचा जर्मन व्यापाऱ्यांचा फोंदाको तेराव्या शतकातला. तो १५०५ साली जळाला आणि १५०८ पर्यंत पुन्हा उभा राहिला. त्याच्या बाहेरील भिंतींवर जोर्जोने आणि तरुण तित्सियान यांनी चित्रे काढली. जर्मन व्यापाऱ्याने येथेच उतरले पाहिजे, येथेच माल ठेवला पाहिजे आणि नेमून दिलेल्या दलालामार्फतच सौदा केला पाहिजे, असा नियम होता. तुर्कांसाठी १६२१ साली असाच स्वतंत्र फोंदाको नेमून देण्यात आला. त्यावरील बंधने तर अधिकच कडक होती.

यात आतिथ्य किती आणि पाळत किती, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात येईल. दोन्ही होती, आणि ती एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. ज्या नगराने फोंदाको बांधला त्याच नगराने १५१६ साली ज्यूंना एका बेटासारख्या वस्तीत राहण्याची सक्ती करून तिची दारे रात्री बंद करण्याचा नियम केला. ‘घेट्टो’ हा शब्द जगाला तेथूनच मिळाला. बंदराच्या संस्कृतीचे गोडवे गाणाऱ्याने ही नोंद वगळू नये. परंतु एवढे खरे की, परका माणूस या नगरात राहतो आहे हे गृहीत धरूनच हे सर्व कायदे झाले. त्या राहण्याच्या खुणा आजही नगराच्या अंगावर आहेत. संत मार्कच्या चौकाजवळील लांबलचक धक्क्याला ‘स्कियाव्होनीं’चा, म्हणजे स्लाव्ह लोकांचा, धक्का असे नाव आहे, समोरच्या दाल्मात्सिया किनाऱ्यावरून येणाऱ्या खलाशांवरून ते पडले. या खलाशांनी १४५१ साली आपला धर्मसंघ स्थापन केला आणि पुढे त्याच्या सभागृहासाठी कार्पाच्चोकडून चित्रे काढून घेतली. ग्रीकांचे स्वतःचे चर्च होते. आल्दुस मानुत्सिउस याच्या छापखान्यातून १४९५ च्या सुमारापासून जे ग्रीक ग्रंथ बाहेर पडू लागले, त्यामागेही येथे राहिलेल्या क्रीटच्या विद्वानांचे श्रम होते. एका दिवसाच्या पाहुण्याकडून प्रुफे तपासून होत नाहीत.

व्हेनिसहून दक्षिणेकडे निघालेले जहाज स्प्लितला थांबते. तेथील सम्राट दायोक्लेशियनच्या राजवाड्यात लोक आजही राहतात ही मोठीच नवलाची गोष्ट. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे नगर पुढे आहे.

दुब्रोव्हनिक, जुन्या कागदपत्रांतील रागुसा, हे नगर व्हेनिसच्या मानाने चिमुकले. १२०५ ते १३५८ व्हेनिसच्या अधिपत्याखाली राहिल्यानंतर ते व्यवहारतः स्वतंत्र झाले आणि १८०८ साली फ्रेंचांनी ते प्रजासत्ताक बरखास्त करीपर्यंत टिकले. ते फौजेच्या बळावर टिकले नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तुर्की सुलतानाला दरवर्षी साडेबारा हजार दुकाटांची खंडणी भरून, त्या बदल्यात बाल्कन प्रदेशात व्यापाराच्या सवलती मिळवून आणि दूरदूरच्या बंदरांत आपले वकील ठेवून ते टिकले. ख्रिस्ती जग आणि तुर्की साम्राज्य यांच्यामधला उंबरठा हीच त्याची जागा होती.

अशा नगरावर प्लेगचे संकट येते तेव्हा काय करावयाचे? १३४८ च्या भीषण साथीनंतर युरोपातील अनेक नगरांनी परक्यांना वेशी बंद केल्या. दुब्रोव्हनिकला ते परवडणारे नव्हते. वेस बंद करणे म्हणजे पोट बंद करणे. उलट सर्वांना मोकळीक देणे म्हणजे मरण. या दोहोंमधून २७ जुलै १३७७ रोजी तेथील महासभेने वाट काढली. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्याने नगरात शिरण्यापूर्वी मर्कान या खडकाळ बेटावर अथवा त्साव्तात या गावी एक महिना शुद्धीसाठी घालवावा, असा ठराव झाला. मुखपृष्ठाच्या रंगावरून ‘हरित ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांच्या वहीत तो नोंदलेला आहे. तीस दिवसांचे पुढे चाळीस झाले आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटीन’ हा शब्द रूढ झाला. वैद्यकाच्या इतिहासात या ठरावाचा उल्लेख नेहमी येतो. आपण त्याकडे बंदराच्या इतिहासातील ठराव म्हणून पाहावे. त्याने परक्याला नाकारले नाही आणि बिनशर्त स्वीकारलेही नाही. त्याच्या येण्याला एक काळ जोडून दिला. नाकारणे आणि स्वीकारणे यांच्यामध्ये ‘थांबवणे’ अशी तिसरी क्रिया असू शकते, हा या नगराचा शोध होय.

व्हेनिसने १४२३ साली खाडीतील एका बेटावर कायमचे रुग्णालय उभारून आणि १४६८ मध्ये दुसऱ्या बेटावर संशयित जहाजांची सोय करून ही कल्पना पुढे नेली. या दुसऱ्या बेटावरील मोठ्या कोठाराच्या भिंतींवर पहारेकरी व हमाल यांनी तांबड्या रंगात लिहिलेली टिपणे अजून दिसतात. सायप्रसहून काय आले, कॉन्स्टँटिनोपलहून कोण आले, कोणी काय उतरवले, असा त्यांचा मजकूर आहे. थांबलेल्या माणसांचा तो दप्तरखानाच म्हणावयाचा. दुब्रोव्हनिकनेही पुढे नगराच्या पूर्व वेशीबाहेर, प्लोचे या भागात, दगडी इमारतींची ओळ बांधली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आरंभ झालेले हे काम सतराव्याच्या मध्यास पुरे झाले. हेच ते ‘लाझारेती’. हे समुद्रालगत असले तरी ते मुख्यतः खुष्कीच्या वाटेकडे तोंड करून आहे. बोस्नियातून डोंगर उतरून येणारे घोड्यांचे तांडे चामडी, लोकर, मेण घेऊन येथेच थांबत आणि मीठ व कापड घेऊन परत जात. माल उन्हावाऱ्यात पसरला जाई, माणसे दिवस मोजीत बसत. त्या दिवसांत भाव ठरत, पत्रे धाडली जात, दुभाष्यांना काम मिळे.

नगराच्या आत स्पोंझा नावाची वास्तू आहे. १५१६ ते १५२२ या काळात बांधलेले ते जकातघर. त्याच्या चौकातील कमानीवर मापात खोट न करण्याविषयीचा लॅटिन लेख कोरलेला आहे. माल मोजताना देव आपल्यालाच मोजीत असतो, असा त्याचा आशय. आता या वास्तूत दप्तरखाना आहे. फेर्नां ब्रोदेल यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भूमध्यसमुद्रविषयक ग्रंथासाठी तेथील कागद चाळले होते. विम्याचे करार, मृत्युपत्रे, वकिलांची पत्रे, कर्जरोखे असे ते कागद बहुतांशी थांबलेल्या, अडकलेल्या, वाट पाहणाऱ्या माणसांनी निर्माण केलेले आहेत. ज्याला थांबावे लागत नाही तो लिहून ठेवण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही.

येथे जाता जाता एक गंमत नमूद करावीशी वाटते. या प्रजासत्ताकाचा प्रमुख, ‘रेक्तोर’, फक्त एका महिन्यासाठी निवडला जाई, आणि त्या महिन्यात राजकाजाखेरीज राजवाड्याबाहेर पडण्याची त्याला मुभा नसे. परक्याला वेशीबाहेर तीस दिवस, तर स्वतःच्या मुख्याला राजवाड्यात तीस दिवस! दोन्हींचा कायदेशीर संबंध काही नाही; परंतु संशय आणि मर्यादा यांवर राज्य चालवण्याची सवय मात्र एकच.

पुढे कोतोरच्या आखातात जहाज शिरते तेव्हा दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात आणि पेरास्त हे छोटे गाव दिसते. त्याच्यासमोर पाण्यात एक कृत्रिम बेट आहे. दर वर्षी २२ जुलैस होड्या दगड भरून तेथे जातात व ते पाण्यात सोडतात. शतकानुशतके अशा दगडांनी ते बेट रचले गेले. त्यावरील देवळात खलाशांनी नवस फेडण्यासाठी वाहिलेले चांदीचे पत्रे भिंतीवर ओळीने बसवलेले आहेत. वादळात सापडलेली गलबते त्यांवर ठोकून काढलेली दिसतात. तेथेच एका स्त्रीने केलेले भरतकाम आहे. समुद्रावर गेलेल्या पतीची वाट पाहत ती पंचवीस वर्षे ते विणीत होती आणि त्यात तिने स्वतःचे केस गुंफले, असे तेथे सांगितले जाते. प्रारंभीच्या केसांचा रंग आणि अखेरच्या केसांचा रंग एक नाही. बंदरात परका थांबतो, तसे बंदरातले घरही कोणासाठी तरी थांबलेले असते. इतिहासकारांनी फोंदाकोविषयी जितके लिहिले त्या मानाने या दुसऱ्या थांबण्याविषयी फारच थोडे लिहिले आहे.

आता सागरसफरीकडे वळू. तिचा उगम आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. वाफेच्या जहाजाने वाऱ्याची वाट पाहणे संपवले, पण उत्तर अटलांटिकवरील हिवाळा उरलाच. त्या दिवसांत उतारू कमी, आणि प्रचंड भांडवल घालून बांधलेली जहाजे धक्क्याला बांधून ठेवलेली. हाम्बुर्गच्या आगबोट कंपनीचे आल्बेर्ट बालिन यांनी यावर उपाय काढला. २२ जानेवारी १८९१ रोजी ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज कुक्सहाफेनहून सुमारे दोनशे चाळीस हौशी प्रवाशांना घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीस निघाले. आधुनिक क्रूझचा आरंभ बहुधा येथून मानतात. म्हणजे जहाज थांबवून ठेवणे परवडेना, म्हणून ही सफर जन्मास आली. जुने बंदर हिवाळी मुक्कामावर वाढले, आणि नवी सफर हिवाळी मुक्काम टाळण्यासाठी निघाली. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढील सर्व विसंगतीचे बीज या एका घटनेत आहे.

नेमक्या याच काळात आद्रियातिक आणि मुंबई यांचा संबंध घट्ट झाला होता. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यानंतर त्रिएस्तच्या आगबोटी मुंबईस येऊ लागल्या, आणि आद्रियातिकच्या मुखाशी असलेल्या ब्रिंदिसी बंदरातून हिंदुस्थानची टपाल जाऊ-येऊ लागली. गोलमेज परिषदेहून परतताना महात्मा गांधी डिसेंबर १९३१ मध्ये याच ब्रिंदिसीत ‘पिल्स्ना’ या बोटीवर चढले आणि २८ तारखेस मुंबईत उतरले. परंतु या मार्गाने माणसे आणि पत्रे जात तशी भीतीही गेली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, गोदीलगतच्या कोठारांच्या वस्तीत, डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मुंबईहून हा रोग आपल्याकडे येईल या धास्तीने युरोपीय राष्ट्रांनी १८९७ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरवली, आणि ती भरली व्हेनिसमध्ये. विलगीकरणाची संस्था जेथे प्रौढ झाली त्याच नगरात बसून मुंबईच्या जहाजांचे काय करावे याचा खल झाला.

परंतु या ठिकाणी आपल्या सिद्धान्ताला एक मर्यादा घालणे प्राप्त आहे. त्याच १८९७ सालच्या फेब्रुवारीत हिंदुस्थान सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला, आणि पुण्यात घरझडत्या, सक्तीने छावणीत नेणे, सामानाची जाळपोळ या मार्गांनी तो राबवला गेला. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा माणसाला थांबवून ठेवले की संस्कृती निर्माण होते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दुब्रोव्हनिकच्या तांडेवाल्याला मुदत ठाऊक होती, त्याचा माल त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि मुदत संपल्यावर वेशीच्या आत सौदा होणार याची त्याला खात्री होती. पुण्याच्या नागरिकाला यांपैकी काहीही नव्हते. शिवाय तो परका नव्हता, स्वतःच्याच घरात होता. थांबवण्याच्या बदल्यात नगर काय देते, यावर सारे अवलंबून असते.

आजच्या सफरीत कोणी कोणाला थांबवीत नाही. जहाज सकाळी दुब्रोव्हनिकच्या ग्रूझ बंदरात लागते व सायंकाळी सुटते. तेथून जुन्या नगराच्या वेशीपर्यंत मोटारबसने जाणे-येणे, जहाजावर आधीच पैसे भरलेले भोजन, परतीची वेळ चुकण्याची धास्ती, हे वजा केले तर नगराच्या वाट्यास चार-पाच तास येतात. तेवढ्यात हजारो माणसे एकाच वेळी एकाच वेशीतून आत येतात व एकाच रस्त्याने चालतात. तटाच्या आतील वस्ती १९९१ साली सुमारे पाच हजार होती; ती पुढे दीड हजाराच्या आसपास व त्याहूनही खाली आली. त्या वर्षीच्या वेढ्याचा आणि तोफांच्या माऱ्याचा यात वाटा आहे, पण घरे भाड्याने देणे हे त्यात राहण्यापेक्षा किफायतशीर झाले हे कारण अधिक टिकाऊ ठरले. व्हेनिसच्या बेटांवरील जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या घरात लोक होते. २०२२ साली हा आकडा पन्नास हजारांखाली गेला. लाझारेतीच्या दालनांतून आता लोकनृत्याचे कार्यक्रम होतात. जेथे माणूस महिनाभर दिवस मोजीत बसे, तेथे दीड तासात संस्कृती दाखवून होते. नर्तक उत्तम असतात, हे येथे सांगितले पाहिजे.

आपल्या परंपरेत ‘अतिथी’ या शब्दाची फोड ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी करतात. ज्याची तिथीच नव्हे, तर मिनिटेही ठरलेली आहेत, त्याला काय म्हणावे हा प्रश्न कोशकारांवर सोडू.

मात्र या नगरांनी हात टेकले आहेत असे समजू नये, आणि त्यांनी योजलेले उपाय हाच या विषयाचा सर्वांत उद्बोधक भाग आहे. २ जून २०१९ रोजी एक अवाढव्य जहाज व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात ताबा सुटून धक्क्यावर आदळले. १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरील जहाजांना त्या कालव्यातून व संत मार्कच्या समोरून जाण्यास मनाई झाली. २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने वर्षातील ठराविक गर्दीच्या दिवशी प्रवेशासाठी पाच युरो आकारण्यास आरंभ केला; पण हे शुल्क कोणाकडून? जो दिवसापुरता येतो त्याच्याकडून. जो रात्री मुक्काम करतो त्याला ते माफ, कारण निवासाचा कर तो वेगळा देतोच. दुब्रोव्हनिकने २०१९ पासून दिवसाला दोनच मोठी जहाजे आणि एका वेळी सुमारे चार हजार उतारू अशी मर्यादा घातली. जहाजांनी बंदरात अधिक काळ थांबावे असाही आग्रह धरला. वर्तमानपत्रांतून हे सर्व ‘पर्यटनविरोधी’ म्हणून रंगवले गेले. १३७७ चा ठराव ज्याने वाचला आहे त्याला ते तसे वाटणार नाही. नाकारावयाचे नाही, मोकाटही सोडावयाचे नाही, येण्याला काळ जोडून द्यावयाचा, ही या किनाऱ्याची जुनीच रीत आहे. फरक इतकाच की, पूर्वी परक्याला लवकर आत यायचे असे आणि नगर त्याला थांबवी. आता परक्याला लवकर निघायचे असते आणि नगर त्याला थांब म्हणते.

थांबण्याची जुनी संस्था किती लोप पावली आहे हे २०२० च्या फेब्रुवारीत दिसून आले. ‘डायमंड प्रिन्सेस’ हे ३,७११ माणसे असलेले विलासी जहाज करोनाच्या संसर्गामुळे जपानातील योकोहामा बंदरात रोखून धरण्यात आले, आणि त्यावरील ७१२ जणांना बाधा झाली. संशयिताला जहाजावरून उतरवून स्वच्छ हवेच्या बेटावर ठेवावे, हे पंधराव्या शतकातील शहाणपण. येथे जहाजच बेट झाले. त्याच महिन्यात ‘वेस्टरडॅम’ हे दुसरे जहाज, त्यावर एकही निश्चित रुग्ण नसताना, एकामागून एक पाच ठिकाणी नाकारले गेले आणि अखेर कंबोडियाने त्याला थारा दिला. वेशी बंद करणारी नगरे होती, मर्कानचा खडक मात्र कोणापाशी नव्हता.

योकोहामा येथे अडकलेल्यांत शंभराहून अधिक भारतीय होते आणि ते जवळजवळ सर्व कर्मचारी होते: स्वयंपाकी, वाढपी, साफसफाई करणारे. या घटनेने ज्याकडे लक्ष वेधले ती बाब आपल्या विभागाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. विलासी जहाजावरील उतारूला थांबणे ठाऊक नसले, तरी कर्मचाऱ्याला ते चांगले ठाऊक असते. महिनोन् महिन्यांचा करार, मग घरी परत, मग पुढच्या बोलावण्याची वाट. गोव्यातील आणि कोकणातील पुष्कळ कुटुंबांचे वर्ष आजही या क्रमाने चालते. गोव्याच्या खलाशांनी तर या वाट पाहण्यासाठी मुंबईत स्वतःची संस्थाच निर्माण केली होती. ‘कूड’ हे तिचे कोकणी नाव; प्रत्येक गावाची आपली वेगळी. धोबीतलाव, माझगाव या भागांत एका मोठ्या दालनात भिंतीशी ओळीने पेट्या लावलेल्या, एका टोकाला गावच्या संताची वेदी, सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची प्रार्थना. बोट मिळेपर्यंत माणूस नाममात्र मोबदल्यात तेथे राही. खाली माल आणि वर माणसे ही फोंदाकोची रचना येथे एका पेटीत आणि एका चटईत सामावलेली होती. फरक असा की, ही वखार यजमान नगराने बांधलेली नव्हती, थांबणाऱ्यांनीच ती बांधली.

यांपैकी काही कूड अद्याप चालू आहेत, पुष्कळ बंद पडल्या. सभासदांच्या नोंदवह्या, वर्गणीचे हिशेब, पेट्यांवर रंगवलेली नावे आणि जहाजांची नावे, हे साहित्य कोठे गावच्या चर्चमध्ये, कोठे एखाद्या जुन्या सभासदाच्या घरी पडून असण्याचा संभव आहे. व्हेनिसच्या बेटावरील हमालांची तांबडी अक्षरे जितक्या आस्थेने वाचली गेली, तितक्याच आस्थेने हे साहित्य वाचले जाण्याची आवश्यकता आहे. कोकणी व पोर्तुगीज या दोन्ही भाषा जाणणारा एखादा पदव्युत्तर विद्यार्थी हे काम अंगावर घेईल, तर त्याने प्रथम धोबीतलावातील एका कूडीच्या जिन्यावर चढून तेथील वृद्ध व्यवस्थापकाशी बोलण्यापासून आरंभ करावा.